सात वर्षांपुढील

२ जानेवारी

नोकरीचा पहिला दिवस. ठरवलंय की आजपासून लिहायचं. रोज नाही जमलं तरी लिहिण्यासारखं काही घडेल त्या दिवशी नक्की. मला वही उघडून बसलेली बघून ताई म्हणाली, "परीक्षा संपल्या ना गं तुझ्या? आता कसला अभ्यास?" आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वही म्हणजे अभ्यास, एवढंच सगळ्यांना माहीत.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. व्हिडिओ गेमच्या डब्यावर गोल चिकटपट्टी असते, ‘सात वर्षांपुढील’, ‘बारा वर्षांपुढील’, ती इथून निघते. मला वाटायचं ते आकडे कारखान्यात आपोआप छापले जातात. तसं नाही, माणसं ठरवतात. मुलाखतीत मी म्हणाले होते, "मुलांच्या आधी कोणीतरी बघायला हवं, आणि मुलांच्या बाजूने बघायला हवं." मुलाखत घेणाऱ्या मॅडम, इथल्या प्रमुख, हसल्या नाहीत. तेव्हाच वाटलं, इथे काम करायचं.

ठरवण्याची पद्धत मला फार आवडली. मागच्या खोलीत खेळणारे बसतात, ते गेम खेळून दोन तासांचं चित्रण करतात. ते आम्ही बघतो, दोन वेगळ्या खोल्यांत दोघं जण. प्रत्येकाच्या हातात अंगठ्याने दाबायचं स्टीलचं मोजणीयंत्र. सभागृहाच्या दारात माणसं मोजतात ना, तसलं. इथे सगळे त्याला ‘टिक’ म्हणतात. बघताना आत काही हललं, पोटात, छातीत, कुठेही, की एकदा दाबायचं. नियमांच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलंय: ‘विचार करू नका, दाबा.’ दोन तासांत दहापर्यंत झाले तर सात वर्षं. तीसपर्यंत बारा. साठपर्यंत सोळा. त्यावर अठरा. बंदुका किती, रक्त किती, अशी यादी केली तर कंपन्या यादीतून पळवाट काढतात, म्हणून ही पद्धत. मॅडम म्हणाल्या, "कागद खोटं बोलतो. अंगठा बोलत नाही."

माझ्या टिकवर तीनचा आकडा कोरलाय, कारण माझी खुर्ची तिसरी. ते घरीसुद्धा जवळच ठेवायचं. दुसऱ्याने दाबलं की स्प्रिंगची सवय बिघडते म्हणे.

सरावासाठी जुना गेम दिला, ‘बाहुल्यांचं गाव’. दिसायला गोड. कापडी बाहुल्यांचं गाव आणि आपण त्यांची बटणं गोळा करायची. पण बटण बाहुलीच्या छातीवर शिवलेलं असतं. ते उपटलं की भुसा बाहेर येतो आणि ती खाली बसते. रक्ताचा थेंब नाही. पण त्या हात जोडतात. "मला नको, तिकडे बघा, तिकडे आहे," असं म्हणून दुसरीकडे बोट दाखवतात. मग तीही हात जोडते. मी अठ्ठावन्न वेळा दाबलं. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

अठ्ठावन्न म्हणजे सोळा वर्षं. मॅडमनी कपाटातला मूळ कागद दाखवला. तिथेही सोळाच. "छान," म्हणाल्या. मला रडू आलं होतं आणि बरंही वाटत होतं.

३ जानेवारी

बाबांनी शेजारी सांगून टाकलंय, "आमची धाकटी मुलांच्या खेळांवर आकडे टाकते." शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे लॉटरीत?" आई अजून हसते आहे.

१० जानेवारी

आज तफावत पत्रक निघालं. दोघांचे आकडे वेगळ्या गटात पडले की ते निघतं आणि मॅडमना तिसऱ्यांदा बघायला बसावं लागतं. माझे चव्वेचाळीस, दुसऱ्या खुर्चीवरच्या काकांचे तीन. या आठवड्यातलं हे चौथं.

काका चार वर्षं इथे आहेत. बघता बघता शेंगा सोलून खातात. टरफलांचा ढीग त्यांच्या टिकपेक्षा उंच असतो. वाईट माणूस नाही. मला म्हणाले, "पोरी, नवा बूट चावतोच. आठ दिवस थांब."

मी म्हटलं, "पण काका, त्यात त्या म्हाताऱ्याला पायऱ्यांवरून ढकलतात."

"कोणत्या?"

"शेवटच्या अर्ध्या तासात. तीनदा."

"असेल," म्हणाले आणि माझ्यापुढे मूठभर शेंगा ठेवल्या.

 मॅडम तिसऱ्यांदा बघायला निघाल्या तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२६ जानेवारी

रविवार. ताई आणि तिची लेक आमच्याकडेच राहतात, पण ताईला गणवेशाच्या कारखान्यात रविवारीही पाळी असते. म्हणून रविवारी भाची माझ्याकडे. आठ वर्षांची आहे. सगळे तिला खार म्हणतात. घास गालात साठवून बसते, गिळत नाही, त्यावरून.

तिला टिक दाखवलं. कसं दाबायचं, किती झाले की कितव्या वर्षाचा गेम, सगळं सांगितलं. एकदा ऐकून तिने तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. मग विचारलं, "मावशी, तुला भीती वाटते म्हणून तुला नोकरी दिली?"

"हो, तसंच काहीसं."

"मला पण भीती वाटते. मला देतील?"

बाबा आंघोळ करून येत होते. ते रुग्णवाहिका चालवतात. कामावरून आले की अंगणातल्या नळावर हातपाय, तोंड, बूटसुद्धा धुऊन मगच उंबरा ओलांडतात. आम्ही लहान असल्यापासून. दिवसभरात काय पाहिलं हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, "तुला नाही देणार. तू घास गिळत नाहीस, भीती काय गिळणार?"

खारीने गाल फुगवून दाखवले.

९ फेब्रुवारी

आकडे जुळायला लागले. या आठवड्यात एकच तफावत पत्रक. माझे आता वीसच्या वर क्वचितच जातात. मॅडम म्हणाल्या, "रुळलात तुम्ही."

सुरुवातीला मी प्रत्येक आवाजाला दाबत होते. आता कळतं की तो आवाज पुन्हा येणार आहे. तेच किंचाळणं चार वेगवेगळ्या गेममध्ये वापरलेलं असतं, एकाच माणसाचं. ओळखीचं झालं की त्यात काही राहत नाही. त्याला बिचाऱ्याला तेवढंच काम मिळत असेल.

वाईट स्वप्नं पडायची थांबली. डबा संपतो.

२० फेब्रुवारी

जुनं नियमांचं पुस्तक चाळत होते. सातव्या पानावर एक नियम शाईने खोडलाय. खालची अक्षरं वाचता येतात: ‘बघणाऱ्याने सहा महिन्यांनंतर तीन महिने दुसरे काम करावे.’ मॅडमना विचारलं. म्हणाल्या, माणसं कमी आहेत, मागेच रद्द झाला.

मला वाटतं तेव्हाची माणसं तयारीची नसतील. शिकलेला माणूस मन घट्ट करून काम करू शकतो. माझे आता सरासरी अकरा येतात आणि सहा महिने अजून व्हायचे आहेत.

८ मार्च

आईचं बोट कापलं. दुपारी भाजी चिरताना सुरी सटकली, डाव्या तर्जनीवर, खोल. आई ओरडली, ताईच्या हातातून ताट पडलं, खार दारात उभी होती. मी उठले. घड्याळाकडे बघून ठेवलं, कारण रक्त किती वेळ वाहतं ते डॉक्टर विचारतात. बोट वर धरलं, स्वच्छ फडकं दाबलं, चार मिनिटं. मग पट्टी. ओट्यावर सांडलं होतं ते पुसलं आणि राहिलेली भाजी चिरून टाकली, कारण फोडणी तापली होती.

आई म्हणाली, "अगं, काही म्हणशील की नाही?"

"काय म्हणू? थांबलं ना."

ताई कौतुकाने म्हणाली, "शिकलेल्या माणसाचं असंच असतं. माझ्या हातातून बघ ताटच पडलं."

बाबा संध्याकाळी आले. त्यांना सगळं सांगितलं गेलं. त्यांनी पट्टी तपासली, चांगली बांधली होती. मग मला म्हणाले, "लवकर शिकलीस. मला नऊ वर्षं लागली."

बाबांनी माझ्या कामाशी स्वतःच्या कामाची तुलना केली, हे पहिल्यांदा. लिहून ठेवते आहे.

२३ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. आठवडाभर नव्हतं. बरेच गेम झाले. नावं आठवत नाहीत, नोंदवहीत आहेत.

४ एप्रिल

‘बाहुल्यांचं गाव, भाग दोन’ आला. मॅडमनी मुद्दाम मला आणि काकांना दिला.

पहिल्यापेक्षा कारागिरी चांगली. आता बाहुल्या एकमेकींना नावाने हाका मारतात. एकीचं बटण काढलं की दुसरी येऊन भुसा परत आत भरायचा प्रयत्न करते, दोन-तीनदा, मग तीही थांबते. छोट्या बाहुल्या दाराआड लपतात आणि त्यांचा श्वास ऐकू येतो. श्वास ऐकूनच त्यांना शोधायचं. खेळाची ही कल्पना हुशारीची आहे. रंग प्रसन्न. रक्त नाही, हत्यार नाही.

माझे सहा. काकांचा एक. सात वर्षांपुढील.

मला आठवलं की पहिल्या भागाला माझे अठ्ठावन्न झाले होते. खरं तर दुसरा भाग जास्त कडक आहे. पण मला आता खेळ खेळ म्हणून बघता येतो, हाच फरक. त्या दिवशी मी डबा परत आणला होता, आठवून हसू आलं. मॅडमना सांगितलं तर त्याही हसल्या. कागदावर तिघांच्या सह्या झाल्या.

२७ एप्रिल

खार नऊ वर्षांची झाली. मी तिला ‘बाहुल्यांचं गाव, भाग दोन’ आणला. दुकानात डब्यावरची पिवळी चिकटपट्टी बघून फार बरं वाटलं. दुकानदाराला सांगावंसं वाटलं, हा आकडा माझा आहे.

खारीने चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "हे तू लिहिलंस?"

"मी ठरवलं. लिहिलं मशीनने."

"सात. म्हणजे मला दोन वर्षं उशीरच झाला."

ताईने डबा उघडूनही बघितला नाही. "मला काय कळतंय त्यातलं? तुझा आकडा आहे ना वर, मग मी डोळे झाकून देते," म्हणाली.

४ मे

सुट्ट्या लागल्या. खार दुपारी पुढच्या खोलीत खेळते. आवाज करत नाही, दंगा नाही. आई म्हणते, पोरगी शहाणी झाली.

जेवताना तिने विचारलं, "मावशी, सातचा म्हणजे सात वर्षांच्या सगळ्या मुलांना चालतो?"

"हो."

"एकाला पण नाही चालत असं नाही?"

"नाही. म्हणून तर आधी आम्ही बघतो."

"मग बरं," म्हणाली. घास मात्र गालातच होता. आई ओरडली तेव्हा गिळला.

११ मे

ताईची तक्रार. खारीच्या फ्रॉकचं वरचं बटण सैल झालं होतं. ताई दिवसभर कारखान्यात बटणंच लावते, तिला एक मिनिटाचं काम. पण बटण काढून परत लावू म्हणून कात्री घेतली तर खार कॉलर मुठीत धरून भिंतीला टेकून उभी राहिली. सोडेचना. ताई म्हणाली, "लटकू दे मग तसंच." शिवाय झोपताना दिवा चालू ठेवायचा हट्ट करते.

मी ताईला समजावलं की या वयात असे हट्ट येतात. वाचलेलं होतं. ताई म्हणाली, "तू म्हणतेस तर असेल."

१८ मे

आज मला राग आला. निदान यायला हवा होता.

गुरुवारपासून माझं टिक सापडत नव्हतं. शनिवारपर्यंत काकांचं जुनं वापरलं. आज ते माझ्याच पिशवीत, तळाशी, रुमालात गुंडाळलेलं मिळालं. वर आकडा तीनशे बारा. खारीला विचारलं तर खाली बघत म्हणाली, "मी घेतलं होतं."

मी तिला ऑफिसच्या वस्तू म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, सगळं नीट समजावलं. आवाज चढवला नाही. तीनशे बारा वेळा नुसतं टकटक करत बसलीस, स्प्रिंग सैल झाली असती, असंही म्हणाले.

ती म्हणाली, "नुसतं नाही केलं."

मी बाजूची कळ फिरवून आकडा शून्यावर आणला. तिने ते बघितलं आणि उठून गेली.

१९ मे

सविस्तर लिहायला हवं म्हणून लिहिते.

ऑफिसातून आले तेव्हा खार अंगणात नळापाशी बसली होती. बाबांची वाट बघत होती. मला बघून म्हणाली, "तुला नाही, आजोबांना विचारायचं आहे."

"काय विचारायचं आहे?"

"ते तुला सांगणार नाही. तुला वाईट वाटेल."

"मला नाही वाईट वाटणार."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "हो, तुला नाही वाटत," म्हणाली आणि सांगितलं.

पहिल्याच दुपारी छोट्या बाहुल्यांचा श्वास ऐकून तिला इतकी भीती वाटली की तिने गेम बंद केला. पण मग तिला वाटलं, सातचा गेम आहे, मी नऊची, मग आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून परत लावला. रोज लावला, सवय होईल म्हणून. झाली नाही. मग माझं टिक घेतलं. सलग तीन दुपारी खेळता खेळता खरोखर भीती वाटली तेव्हाच दाबलं, लबाडी केली नाही. तीनशे बारा झाले. तक्ता तिला पाठ होता.

"साठच्या वर म्हणजे अठरा," ती म्हणाली. "पण गेम तर सातचा आहे. तुम्ही तिघांनी बघितलाय. मग गेम नाही चुकला. मीच लहान आहे. मावशी, मी पाच वर्षांची असेन का? आईने जन्माच्या कागदावर चुकून लिहिलं असेल का?"

मी म्हटलं, "नाही. तू नऊचीच आहेस."

"मग तीनशे बारा कसे आले?"

 तिला जवळ घ्यायला हवं होतं. ते मला नंतर, हे लिहिताना सुचलं. तेव्हा मी विचारलं, "तुझा आकडा तू कुठे लिहून ठेवलास का?"

"नाही," म्हणाली. "टिकवर होता ना. तू पुसलास."

२० मे

मॅडमकडे पुनर्पाहणीचा अर्ज मागितला. आजपर्यंत या कक्षात कोणी भरलेला नाही, त्यांना कपाटात शोधावा लागला.

"कारण काय?"

"माझ्या भाचीला भीती वाटली."

"मुलं घाबरतात हो. शेजारच्या कुत्र्यालाही घाबरतात. म्हणून कुत्र्यावर चिकटपट्टी लावायची का?" मग जरा मऊ झाल्या. "असं करा. परत बघा. तुमचा आकडा वेगळा आला तर मी पुढे पाठवते. नियमात बसेल."

मी बसले. दार लावलं, दिवा मालवला, टिक शून्यावर. या वेळी नीट बघायचं होतं. खार कुठे घाबरली असेल ते बघायचं होतं. छोट्या बाहुल्या दाराआड गेल्या. श्वास सुरू झाला. मी अंगठा ठेवून थांबले. श्वास थांबला. भुसा. दुसरी बाहुली धावत आली, हाक मारत. भुसा आत भरायला लागली. मला कळत होतं की इथे दाबायला हवं. पण विचार करून दाबायचं नाही, हा पहिला नियम आहे, आणि आत काहीच हललं नाही. पोटात नाही, छातीत नाही. मी बघत होते की पाऊल टाकताना भुशाचा कण पायाला चिकटतो, हे त्यांनी किती बारकाईने केलंय.

दोन तास झाले. चार.

अजून वेळ होता, कोणी बघत नव्हतं. तिथे बसून साठ वेळा दाबता आलं असतं. पण मग माझं टिक आणि कागद यांत फरक काय राहिला? मी चारच्या आकड्याकडे बघत बसून राहिले. काकांनी दार ढकलून विचारलं, "झालं का? शेंगा आणल्यात."

"काका, तुम्हाला पहिल्या दिवशी किती आले होते?"

त्यांनी बराच वेळ आठवलं. "पहिल्या दिवशी मी उठून बाहेर गेलो होतो," म्हणाले. "आकडाच आला नाही." आणि दारातच उभे राहिले, शेंगांची पुडी घेऊन.

२१ मे

बाबांना सगळं सांगितलं. ते बूट धूत होते. धुता धुता म्हणाले, "आम्हाला दर वर्षी दोन महिने गाडीवरून उतरवतात. गॅरेजमध्ये पाने-पक्कडी पुसत बसायचं. मी विचारलं नाही कधी का ते. पण दुसऱ्या महिन्यात कधीतरी पाना हातात असताना रडू येतं. मग कळतं, आता परत पाठवतील."

"आणि नाही आलं तर?"

"एकाला नाही आलं एकदा. त्याला परत गाडी नाही दिली. चांगला चालवायचा." बूट उलटे करून ठेवले. "तू कधी रडली होतीस शेवटचं?"

दोन जानेवारीला. वही काढून बघावं लागलं.

२२ मे

अर्ज भरला.

अर्जात ‘पुनर्पाहणीचे कारण’ या रकान्यात तीन पर्याय आहेत: चित्रण अपूर्ण, नोंदीत चूक, मोजणीयंत्र नादुरुस्त. मी तिसऱ्यावर खूण केली. ‘यंत्र क्रमांक’ यापुढे लिहिलं: तीन. ‘दोषाचे स्वरूप’ यापुढे जानेवारीपासूनचे माझे आकडे ओळीने लिहिले. अठ्ठावन्न, चव्वेचाळीस, वीस, अकरा, सहा, चार. खाली लिहिलं की टिक चांगलं चालतं, माझा अंगठा चालत नाही. आणि फेब्रुवारीपासून ज्यावर माझी सही आहे ते सगळे गेम परत कोणीतरी नव्याने आलेल्या माणसाने बघावेत. नोंदवहीतून मोजले, सदतीस आहेत. त्यांतले एकवीस सातचे.

मॅडमनी उभ्याउभ्याच वाचला. "हे पुढे गेलं तर तुम्हाला या खुर्चीवर ठेवता येणार नाही, कळतंय ना?"

"हो."

"आणि फक्त तुम्हाला नाही." त्यांनी काकांच्या बंद दाराकडे बघितलं, मग स्वतःच्या टेबलाकडे. त्यांची सही सगळ्यांत वरची असते. "किती वर्षांचे कागद काढावे लागतील, काही कल्पना आहे?"

मी म्हटलं, नाही. खरंच नव्हती.

त्यांनी अर्ज फाडला नाही. खणात ठेवला, खण लावला, आणि किल्ली हातात धरून बसल्या. मी निघाले तेव्हाही तशाच बसल्या होत्या.

टिक परत करायला विसरले.

२५ मे

रविवार. ऑफिसातून निरोप नाही.

सकाळी ताईला सांगितलं की आकडा चुकला होता. सगळं सांगितलं, माझं मला काय झालंय तेही. वाटलं ती चिडेल. ती वेणी घालत राहिली. मग म्हणाली, "मी दहावीनंतर मशीनवर बसले ना, तेव्हा मनात म्हटलं होतं, एकीला तरी शिकू दे, म्हणजे घरात कोणीतरी नीट बघून सांगेल." तिने टोमणा मारला नाही, साधं सांगितलं. डबा उचलून माळ्यावर टाकला आणि पाळीला गेली.

दुपारी खार आली. सैल बटण अजून लटकतंय. तिला म्हटलं, "तू बरोबर होतीस. गेम सातचा नाही. आमचा आकडा चुकला."

"तुमचा? तिघांचा?"

"तिघांचा."

"मग मी नऊची?"

"नऊची. पूर्ण."

तिने हे गालात ठेवलं, जरा वेळ. मग म्हणाली, "मग माझा आकडा परत लिही."

"तो तर मी पुसला."

"मला आठवतंय कुठे कुठे दाबलं ते. सगळे नाही. मोठे मोठे." तिने माझ्या पिशवीतून टिक काढलं, माझ्या हातात दिलं आणि माझा अंगठा त्यावर नीट ठेवला. "मी सांगते. तू दाब."

ती सांगत गेली. दाराआडचा श्वास. दाबलं. हात जोडून दुसरीकडे बोट दाखवते ती. दाबलं. भुसा आत भरते तेव्हा. दाबलं. मला काही वाटत नव्हतं, ती म्हणत होती म्हणून दाबत होते. ती प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघत होती, मग पुढचं सांगत होती. असे सोळा झाले.

"अजून एक," ती म्हणाली. "आजीचं बोट कापलं तेव्हा. तू आधी घड्याळाकडे बघितलंस."

"ते गेममध्ये नाही, खार."

"माहीत आहे. दाब."

सतरा.